डोक्यातल्या एका भोकाचा दहा वर्षांनंतरचा रिव्ह्यू

मिक्सर घेतला की लोक आठ दिवसांत रिव्ह्यू टाकतात, मी दहा वर्षं थांबले. जानेवारी २०१५ मध्ये माझ्या मुलाचं ईटीव्ही झालं, म्हणजे एंडोस्कोपिक थर्ड व्हेंट्रिक्युलोस्टॉमी, हा शब्द मला आता झोपेतून उठवून विचारला तरी येतो. मेंदूत पाणी साठतं त्यावरचं दुर्बिणीचं ऑपरेशन. तेव्हा तो अकरा वर्षांचा, सहावीत होता. ऑपरेशन ठरलं त्या रात्री मी मोबाईलवर शोधत बसले होते की हे केलेली मुलं पुढे दहा वर्षांनी कशी असतात, तर मराठीत काहीच सापडलं नाही, जे सापडलं ते सगळं पहिल्या सहा महिन्यांचं. म्हणून हे लिहितेय. हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचं नाव देणार नाही, मेसेज करून विचारू नका, कारण मला रिव्ह्यू त्या भोकाचा करायचाय, बिल्डिंगचा नाही.

आधी थोडं मागे जाते. आम्ही गोव्यातले. २०१४ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरात गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना तो दोनदा धडपडला, तेव्हा आम्ही हसलो. मग सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं, उलटी व्हायची आणि उलटी झाली की बरं वाटायचं, शाळेत जाऊन यायचा, दुपारी ठणठणीत. डिचोलीतल्या एका डॉक्टरांनी चार महिने ॲसिडिटीचं औषध दिलं. सासूबाईंनी दृष्ट काढली, शिरगावला लईराई देवीला नवस बोलून आल्या. अक्षर बिघडलं, गणितात मागे पडला, बाईंनी वहीत लिहून पाठवलं की लक्ष नसतं. शेवटी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी थेंब घालून आत बघितलं आणि एकदम गप्प झाले. डोळ्याच्या मागची नस सुजलीय, आजच्या आज स्कॅन करा म्हणाले. त्या माणसाचे माझ्यावर जन्माचे उपकार आहेत. तर पहिली गोष्ट ही, सकाळची डोकेदुखी आणि उलटी महिनोन्‌महिने चालू असेल तर आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, दहा मिनिटांचं काम आहे.

एमआरआयमध्ये आलं अ‍ॅक्विडक्टल स्टेनोसिस. मला समजलं ते सासऱ्यांनी कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, भाषेत सांगितल्यावर, नाहीतर डॉक्टरचं अर्धं डोक्यावरून गेलं होतं. मेंदूच्या आत पोकळ्या आहेत, तिथे रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, मोठ्या माणसात एका वेळेला असतं फक्त दीडशे मिली, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं पाणी बदलतं. ते वरच्या पोकळ्यांतून तिसऱ्या पोकळीत, तिथून एका अगदी बारीक बोळातून चौथ्या पोकळीत आणि मग बाहेर मेंदूभोवती जाऊन रक्तात मुरतं. आमच्या मुलाचा तो बोळच अरुंद. सासरे म्हणाले, पाट तुंबलाय, झर चालू आहे, मग वरच्या बाजूला पाणी साठणारच. (ते पोफळीच्या बागेतले माणूस, त्यांना सगळं पाण्यावरूनच समजतं.) मग डॉक्टरांनीही पुढे आमच्याशी पाट याच शब्दात बोलायला सुरुवात केली.

उपाय दोन. एक शंट, म्हणजे डोक्यातून कातडीखालून पोटात सोडलेली नळी, मध्ये व्हॉल्व्ह. दुसरा ईटीव्ही, नळी नाही काही नाही, तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडायचं, म्हणजे पाणी तुंबलेला बोळ टाळून थेट खाली बाहेर पडतं. बांध फोडून दुसरीकडून वाट द्यायची. तळ इतका पातळ असतो की खालची रक्तवाहिनी आरपार दिसते असं डॉक्टर म्हणाले, आणि तीच ऑपरेशनची मोठी भीती, तिला धक्का लागला तर खेळ खलास. त्यांनी हे स्पष्ट सांगितलं, गोड बोलून सही घेतली नाही, याचे मार्क वेगळे. गंमत म्हणजे ऑपरेशन नवीन नाही, १९२३ मध्ये मिक्सटर नावाच्या अमेरिकन सर्जननी पहिल्यांदा केलं, तेही लघवीच्या मार्गात घालायच्या दुर्बिणीने! मग १९५० च्या आसपास व्हॉल्व्हवाले शंट आले आणि हे मागे पडलं, दुर्बिणी सुधारल्या तसं १९९० च्या दशकात परत आलं.

आता आकडे, कारण ॲडमिट होताना मला कोणीतरी हे असं सांगायला हवं होतं. ईटीव्ही चालेल की नाही याचा एक स्कोअर आहे, कुलकर्णी नावाच्या कॅनडातल्या न्यूरोसर्जननी २००९ मध्ये काढलेला, आडनाव वाचून मलाही बरं वाटलं होतं. वय, कारण आणि आधी शंट होता का, एवढ्या तीनच गोष्टी. दहा वर्षांच्या वर ५० गुण, एक ते दहा ४०, सहा महिने ते एक वर्ष ३०, एक ते सहा महिने १०, महिन्याच्या आतल्या बाळाला शून्य. बोळ अरुंद असेल तर ३०, रक्तस्राव किंवा पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे असेल तर २०, इन्फेक्शननंतर झालं असेल तर शून्य. आधी शंट नसेल तर १०. बेरीज केली की सहा महिन्यांनी ऑपरेशन टिकायची शक्यता साधारण तेवढे टक्के. माझ्या मुलाचे ५०, ३० आणि १० मिळून ९०. माझ्या नणंदेचा मुलगा बांद्याला असतो, त्याला दोन महिन्यांचा असताना मेंदूज्वर होऊन पाणी झालं, त्याचे १०, शून्य आणि १०, म्हणजे २०. त्याला शंट घातला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं, की "दुर्बिणीचं चांगलं की नळीचं" हा प्रश्नच चुकीचा आहे, कोणाच्या डोक्यात हे आधी विचारा. माझ्या मुलाचं छान झालं म्हणून कोणी दोन महिन्यांच्या बाळासाठी हट्ट धरू नका, हात जोडून सांगते.

ऑपरेशन दीडेक तासाचं. कपाळाच्या वर, केसांच्या आत एक छोटं भोक, त्यातून दुर्बीण, तळाला टोचून फुग्याने ते रुंद केलं आणि बाहेर. आज केस बाजूला केले तर बोटाच्या पेरापेक्षा लहान व्रण दिसतो, न्हावी सोडून कोणाला माहीत नाही. नंतरचे दिवस मात्र कोणी म्हणतं तसे सोपे नव्हते. ताप आला, दर तासाला लघवी मोजायचे, सोडियमसाठी रोज रक्त, कारण भोक पाडतात त्या जागेला लागूनच शरीरातल्या पाण्याचा हिशोब ठेवणारा भाग आहे. तिसऱ्या दिवशी डोकं परत दुखायला लागलं, मला वाटलं संपलं. पण डॉक्टरांनी कमरेतून सुई घालून थोडं पाणी काढलं आणि म्हणाले इतकी वर्षं बंद असलेल्या वाटेला पाणी मुरवायची सवय नसते, थोडे दिवस द्या. खरंच दुसऱ्या दिवशी उतरलं. रात्रपाळीची नर्स कोकणीत म्हणायची, "भियेनाका गो, बरें जातलें", घाबरू नकोस गं, बरं होईल, तेवढ्या वाक्यावर मी त्या आठ रात्री काढल्या. नवव्या दिवशी घरी.

पहिले सहा महिने मी त्याच्या प्रत्येक जांभईकडे बघत होते. तसं बघायचं कारणही आहे, ईटीव्ही बंद पडायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच पडतं. ते ओलांडलं की बिघडायची शक्यता झपाट्याने कमी होते. शंटचा हिशोब उलटा आहे. मुलांमध्ये शंट पहिल्या वर्षात साधारण ४० टक्के आणि दोन वर्षांत निम्मे कुठे ना कुठे अडतात, आणि पुढेही दरवर्षी काही ना काही बिघडत राहतात, तुंबणं, इन्फेक्शन, मूल वाढलं की नळी तोकडी पडणं. बांद्याच्या आमच्या भाच्याची तेरा वर्षांत चार ऑपरेशनं झाली. माझ्या मुलाचं एक. दहा वर्षांचा निकाल विचाराल तर एका ओळीत हा.

पण एका ओळीत संपलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते.

२०१८ मध्ये ठरलेला एमआरआय केला. नेहमीचं सेंटर बंद होतं म्हणून दुसरीकडे, जुन्या फिल्म न्यायला विसरलो. रिपोर्ट आला, पोकळ्या खूप मोठ्या, हायड्रोसेफॅलस (म्हणजे मेंदूत पाणी साठणं) आहे, न्यूरोसर्जनला दाखवा. नवरा कामावर, मी एकटी कदंबच्या बसमध्ये तो कागद हातात घेऊन म्हापशाहून डिचोलीपर्यंत रडत आले, शेजारच्या बाईने न विचारता पाण्याची बाटली दिली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या आणि हसले. ईटीव्हीनंतर पोकळ्या लहान होतात पण थोड्याच, शंटसारख्या नाही, आणि कित्येकदा आयुष्यभर मोठ्याच दिसतात. बघायचं असतं ते भोकातून पाणी वाहतंय का, उभ्या छेदाच्या फिल्ममध्ये तिथे काळी रेघ दिसते, पाणी जोरात वाहतं त्याची खूण. मुलाला त्रास आहे का, डोळ्याची नस कशी आहे, हे बघायचं असतं. नुसत्या आकारावरून काही ठरत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याचीही चूक म्हणता येत नाही, त्याला जुनं काही दिलंच नव्हतं, पण फॉर्मवर "पूर्वी ईटीव्ही झालं आहे" असं मी स्वतः लिहिलं होतं आणि रिपोर्टमध्ये त्याचा एक शब्द नव्हता, तो राग मला अजून आहे.

तेव्हापासून माझा नियम, एमआरआयला जाताना आधीचा नेल्याशिवाय जायचं नाही. आणि सीडीवर विसंबू नका! आमच्या पहिल्या दोन सीडी कपाटात बुरशी येऊन गेल्या (गोव्यातला पावसाळा, चामड्याची चप्पल टिकत नाही तिथे सीडी काय), आणि आता सीडी लावायला कॉम्प्युटर तरी कोणाकडे आहे. पेनड्राइव्हवर घ्या, गुगल ड्राइव्हवर टाका, आणि मूल बरं असताना केलेला एक एमआरआय सोन्यासारखा जपा, पुढे सगळी तुलना त्याच्याशीच होते.

दुसरी रात्र २०१९ च्या पावसाळ्यातली. अकरावीत होता, संध्याकाळपासून भयंकर डोकं दुखतंय, डोळ्यांच्या मागे, उलटी. रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीत. तिथला तरुण डॉक्टर चांगला होता, हायड्रोसेफॅलस म्हटल्याबरोबर लगेच उठला, पण पहिलं काय केलं तर मुलाच्या कानामागे चाचपायला लागला. "शंट कुठल्या बाजूला आहे?" शंट नाही, ईटीव्ही आहे म्हटलं. "मग आता काही नाही ना, बरा झालाय ना तो." इथे माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण आमच्या सर्जननी मला दारात उभं करून सांगितलं होतं, की भोक वर्षानुवर्षांनीही बुजू शकतं, क्वचित होतं पण होतं, आणि झालं की काही तासांत मूल जाऊ शकतं, तशा मृत्यूंच्या नोंदी आहेत. शंट असेल तर डॉक्टरला हाताला काहीतरी लागतं. भोक हाताला लागत नाही. मी मोबाईलवर जुनी फिल्म दाखवली, भांडले म्हणा हवं तर, सीटी झाला, जुन्याशी जुळवला, बदल नव्हता. पहाटे ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी कळलं की डेंग्यू. डेंग्यू झाला म्हणून देवाचे आभार मानणारी मी पहिलीच आई असेन.

माझी खरी तक्रार हीच आहे आणि ती कोणा एका हॉस्पिटलची नाही. ऑपरेशन झालं की सगळे म्हणतात बरा झाला. नळी नाही म्हणून फाईल बंद. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष, मग दरवर्षी, असं सुरुवातीला नीट चाललं, मग डॉक्टर बदलले, लॉकडाऊनमध्ये २०२० चं चेकअप गेलंच, अठरा पूर्ण झाली तसं लहान मुलांच्या ओपीडीतून बाहेर काढलं, मोठ्यांच्या ओपीडीत नवीन पेपर काढून पहिल्यापासून सगळं सांगा. एकदा तर काउंटरवर विचारलं, त्रास काय आहे? त्रास नाही म्हटलं तर मग कशाला आलात. बांद्याची नणंद मला म्हणते, तुझं बरं आहे, नळी नाही, निवांत आहेस. पण तिच्या मुलाच्या शाळेतल्या शिपायालासुद्धा माहीत आहे की हा पेंगुळला, उलटी केली की आईला फोन करायचा. आमच्याकडे कॉलेजमध्ये एका मित्राला माहीत होतं, बास. त्याच्या पाकिटात मी लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलंय, ईटीव्ही कधी झालं, कशासाठी, शंट नाही, डोकेदुखी उलटी गुंगी आली तर भोक बंद झालंय असं समजून लगेच स्कॅन करा, आणि आमचे दोघांचे नंबर. सुरुवातीला लाजायचा, आता ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे ठेवतो.

बाकी मुलगा कसा आहे? फुटबॉल खेळला, पोहतो, चवथीला आरतीत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. बारावीची परीक्षा २०२१ मध्ये रद्दच झाली त्यामुळे त्याचं श्रेय भोकाला देता येत नाही, पण बीसीए पहिल्या वर्गात झाला. जे राहिलं ते ऑपरेशनमुळे नाही, ऑपरेशनच्या आधीच्या चार महिन्यांमुळे. डाव्या डोळ्याची नस पांढुरकी पडली ती पडली, त्या बाजूचं कडेचं कमी दिसतं, स्कूटर चालवताना मान वळवायची सवय लावून घेतलीय. एकाच वेळी तीन गोष्टी सांगितल्या तर तिसरी विसरतो, म्हणून बाजाराची यादी लिहून देते. (त्याचे वडीलही विसरतात, त्यांना काही झालेलं नाही.) वर्षातून एकदा म्हापशाच्या त्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्तात उजव्या डोळ्याची नस सांगते आत दाब वाढलाय का. डाव्यावर त्यांचा भरवसा नाही, सुकलेली नस नीट सुजत नाही म्हणतात.

खर्चाचं विचाराल तर गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड २०१६ मध्ये आलं, आमचं त्याच्या आधीचं, त्यामुळे सोनं गहाण टाकूनच झालं. पण ऑपरेशन एकदाच लागलं, आत बसवायचं महाग काही नाही, पुढचा खर्च म्हणजे एमआरआय आणि बसचं भाडं. जे लोक हॉस्पिटलपासून लांब राहतात त्यांनी तर हे डॉक्टरला जरूर विचारावं. युगांडात वॉर्फ नावाच्या सर्जननी नेमका हाच विचार करून बाळांमध्ये हे ऑपरेशन वाढवलं, की खेड्यात नळी तुंबली तर मूल हॉस्पिटलपर्यंत पोचणारच नाही. दोडामार्गच्या पुढच्या घाटातल्या गावांना हे वेगळं सांगायला नको. पण उलट बाजूही तीच, भोक बुजलं तरी पोचायला लागतंच.

स्टार द्यायचे तर ऑपरेशनला पाच, त्या सर्जनच्या खरं बोलण्याला पाच, नंतरच्या सर्व्हिसला दोन, त्यातला एक त्या रात्रपाळीच्या नर्सचा.

गेल्या महिन्यात तो नोकरीला पुण्याला गेला, हिंजवडीला. सामान भरताना मी पेनड्राइव्ह दिला, म्हटलं यात तुझं डोकं आहे, हरवू नकोस. रूमवर पोचल्यावर फोन केला आणि म्हणाला, आई, इथून सगळ्यात जवळ न्यूरोसर्जरी कुठे आहे आणि रात्री किती वेळ लागतो ते मी बघून ठेवलंय, रिक्षाने पंचवीस मिनिटं, पाऊस असेल तर चाळीस. मी विचारलं, रूममेटला सांगितलंस? तर म्हणाला, सांगतो, आधी त्याचं नाव तर नीट कळू दे.